मानवी हर्पिसविषाणू: जीवशास्त्र, जनुकीय फरक आणि तपासण्या – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, तपासणी प्रयोगशाळेत काम करणारे आणि हातात रिपोर्ट घेऊन त्यातल्या अक्षरांचा अर्थ शोधणारे, अशा तिघांसाठी आहेत. औषधांची मात्रा जिथे दिली आहे ती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी म्हणून. स्वतःच्या मनाने घेण्यासाठी नाही.

हर्पिस हा एक आजार आहे का?

नाही, ते एक मोठे कुळ आहे आणि त्यातले नऊ विषाणू माणसाचे आहेत. बोलताना 'हर्पिस' म्हटले की बहुधा दोनच डोळ्यांपुढे येतात: ओठाच्या कडेला फोड आणणारा एचएसव्ही-१ (एचएसव्ही म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू) आणि जननेंद्रियावर फोड आणणारा एचएसव्ही-२. कांजिण्या आणि नागीण ज्याच्यामुळे होतात तो व्हीझेडव्हीही (व्हॅरिसेला-झोस्टर विषाणू) याच कुळातला. हे तिघे 'अल्फा' शाखेत येतात. 'बीटा' शाखेत सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), एचएचव्ही-६ए, एचएचव्ही-६बी आणि एचएचव्ही-७ (एचएचव्ही म्हणजे मानवी हर्पिसविषाणू). 'गॅमा' शाखेत ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) आणि केएसएचव्ही (कापोसी सार्कोमाचा विषाणू, दुसरे नाव एचएचव्ही-८). जुन्या पुस्तकात आठच विषाणू दिसले तर गोंधळू नका. ६ए आणि ६बी यांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा २०१२ मध्ये मिळाला.

विषाणूची रचना कशी असते?

मधोमध दुपदरी डीएनए, त्याभोवती वीस पृष्ठभागांचे सुमारे १२५ नॅनोमीटरचे कवच, कवचाबाहेर प्रथिनांचा जाड थर आणि सगळ्यात बाहेर चरबीचा पापुद्रा. या पापुद्र्यात ग्लायकोप्रथिने रोवलेली असतात आणि पेशीला चिकटणे, आत शिरणे ही कामे तीच करतात. कवच १६२ घटकांचे असते. त्याच्या बारा टोकांपैकी एक टोक वेगळे असून डीएनए त्या एकाच दारातून आत भरला जातो आणि बाहेरही पडतो.

पापुद्रा नाजूक असतो. साबण, अल्कोहोल, सुकणे यांपुढे तो टिकत नाही. म्हणूनच कुळातले बहुतेक विषाणू जवळच्या स्पर्शातून, लाळेतून किंवा शरीरस्रावांतून पसरतात. व्हीझेडव्ही हा ठळक अपवाद, तो हवेतूनही पसरतो.

जीनोमची, म्हणजे विषाणूच्या सगळ्या डीएनएची, लांबी मात्र एकसारखी नाही. व्हीझेडव्हीचा सगळ्यात छोटा, सुमारे १,२५,००० अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक दुवा). एचएसव्ही-१ चा १,५२,०००, ईबीव्हीचा १,७२,००० आणि सीएमव्हीचा तब्बल २,३५,०००. व्हीझेडव्हीकडे सुमारे ७० जनुके आहेत, तर सीएमव्हीकडे सुमारे १७०. ही जास्तीची बरीच जनुके प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी आहेत. पेशीने आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर टांगून 'मला लागण झाली आहे' असे सांगायचे असते. सीएमव्हीची यूएस२, यूएस३, यूएस६ आणि यूएस११ ही चार जनुके हीच पाटी वेगवेगळ्या टप्प्यांवर काढून घेतात.

एकदा शिरला की तो कायमचा राहतो म्हणतात. राहतो कुठे? आणि औषधाने का जात नाही?

एचएसव्ही-१ चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गँग्लियनमध्ये (मज्जापेशींच्या गाठीत) राहतो, एचएसव्ही-२ बहुधा माकडहाडाजवळच्या गँग्लियनमध्ये, आणि व्हीझेडव्ही पाठीच्या कण्यालगतच्या व डोक्यातल्या गँग्लियनमध्ये. सीएमव्ही अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या मोनोसाइट्समध्ये दडतो. ईबीव्ही स्मृती बी-पेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) राहतो.

झोपलेल्या अवस्थेत विषाणूचा डीएनए गोल कड्यासारखा होऊन पेशीच्या केंद्रकात पडून असतो. एचएसव्हीची जवळजवळ सगळी जनुके तेव्हा बंद असतात. 'लॅट' नावाचा एक आरएनए तेवढा भरपूर बनतो. ईबीव्हीची अडचण वेगळी. त्याची पेशी विभागत राहते, त्यामुळे प्रत्येक विभागणीत आपला डीएनए दोन्हीकडे जाईल याची सोय त्याला करावी लागते. ईबीएनए-१ हे प्रथिन विषाणूचा डीएनए माणसाच्या गुणसूत्राला टाचून ठेवते. केएसएचव्हीमध्ये हेच काम लाना प्रथिन करते.

ॲसायक्लोव्हिर विषाणूच्या डीएनएची नवी प्रत बनण्याचे काम अडवते. झोपलेला विषाणू प्रत बनवतच नाही, मग अडवायचे काय? औषधाने फोड लवकर बसतात, वारंवारता घटते, दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता कमी होते. गँग्लियनमधला साठा मात्र तसाच राहतो. 'मुळापासून हर्पिस घालवतो' अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचण्याची गरज नाही.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हे खरे का?

नाही. नागीण पट्ट्यासारखी दिसते, कारण विषाणू एका गँग्लियनमधून जागा होऊन त्याच मज्जातंतूवाटे त्वचेत उतरतो आणि एक मज्जातंतू त्वचेच्या एकाच पट्ट्याला पुरवठा करतो. हे पट्टे शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात. डावा तंतू डावीकडे, उजवा उजवीकडे. म्हणून विळखा सहसा पुरा होत नाही. 'जुळली नाही म्हणून वाचला' या समजाला यातूनच खतपाणी मिळाले असावे.

दुर्लक्ष करू नये अशी चिन्हे वेगळी आहेत. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. पुरळ दोन-तीन पट्टे सोडून अंगभर पसरले तर प्रतिकारशक्ती का घटली ते शोधावे लागते. औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाले तर फायदा अधिक: मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढाला ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीन वेळा, सात दिवस. मांत्रिकाकडे गेलेले तीन दिवस हेच नेमके ते ७२ तास असतात.

घरात एकाला नागीण झाली तर इतरांना नागीण होते का?

नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला फोडांतल्या द्रवामुळे कांजिण्या होऊ शकतात. फोडांवर खपल्या धरेपर्यंत ते झाकून ठेवावेत. गरोदर स्त्री आणि तान्हे बाळ यांना दूर ठेवावे.

एचएसव्ही-१ तोंडाचा आणि एचएसव्ही-२ खालचा, हा नियम पक्का आहे का?

पक्का नाही. जननेंद्रियावर एचएसव्ही-१ ची पहिली लागण आता बरीच दिसते. प्रकार ओळखण्याचा उपयोग पुढचा अंदाज बांधायला होतो: त्या जागी एचएसव्ही-२ असेल तर पहिल्या वर्षात साधारण चार-पाच वेळा फोड परततात, एचएसव्ही-१ असेल तर साधारण एकदा. दोन्ही विषाणू एकाच नकाशावर बेतलेले असले तरी त्यांच्यात पुरेसे अंतर आहे. ग्लायकोप्रथिन-जी एचएसव्ही-२ मध्ये जवळजवळ तिप्पट लांब असते. रक्तातून प्रकार ओळखणारी चाचणी याच प्रथिनावर आधारलेली असावी लागते. नसेल तर दोघांची प्रतिपिंडे एकमेकांत मिसळून दिसतात.

हे विषाणू आले कुठून?

बहुतेक आपल्याबरोबरच आले. एचएसव्ही-१ आपल्या पूर्वजांत फार पूर्वीपासून असावा. एचएसव्ही-२ ची गोष्ट निराळी आहे: जीनोमच्या तुलनेत तो एचएसव्ही-१ पेक्षा चिंपांझीच्या हर्पिसविषाणूला अधिक जवळचा ठरतो. म्हणजे सुमारे १६ लाख वर्षांपूर्वी चिंपांझीच्या पूर्वजांकडून तो माणसाच्या पूर्वजांकडे उडी मारून आला, असे २०१४ मध्ये मांडले गेले. सध्याच्या एचएसव्ही-१ स्ट्रेनचा (एकाच विषाणूच्या थोड्या वेगळ्या वाणांचा) पसारा मात्र ताजा दिसतो. जुन्या सांगाड्यांच्या दातांतून मिळालेल्या जीनोमवरून २०२२ मध्ये तो सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा, कांस्ययुगाच्या आसपासचा ठरवला गेला.

हे विषाणू झपाट्याने बदलतात का, फ्लूसारखे?

नाही. त्यांचा डीएनए-पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारे एन्झाइम) प्रत काढताना चूक झाली तर मागे वळून ती खोडतो. फ्लूच्या एन्झाइमला ही सोय नाही. एचएसव्हीच्या चुकीचा दर अक्षरामागे एक कोटीत एक ते दहा कोटींत एक असा आहे. दीड लाख अक्षरांच्या जीनोमला हा हिशेब लावला तर साधारण ६५ ते ६५० प्रतींमागे एक नवी चूक निघते.

दोन रुग्णांच्या स्ट्रेनमध्ये जो फरक दिसतो त्यातला बराचसा जुना असतो. हजारो वर्षांत साचलेला आणि पुनःपुन्हा पिसलेला. हे पिसणे म्हणजे पुनर्संयोग. एकाच पेशीत दोन स्ट्रेन शिरले की त्यांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. एचएसव्हीमध्ये हे इतके सर्रास होते की पूर्ण जीनोमचा एकच वंशवृक्ष काढणे जरा फसवेच. यूएल३० हे पॉलिमरेजचे जनुक एका घराण्याकडे बोट दाखवते, शेजारचे दुसऱ्याकडे. दोन प्रजातींमध्येही ही देवाणघेवाण झाली आहे. जगभर पसरलेल्या एचएसव्ही-२ वंशात यूएल२९, यूएल३० अशा काही जनुकांमध्ये एचएसव्ही-१ चे तुकडे सापडतात.

म्हणून 'नवे उत्परिवर्तन सापडले' हे वाक्य लिहिण्यापूर्वी विचारावे: हा फरक आला कुठून? विषाणूतून, दुसऱ्या स्ट्रेनच्या मिसळीतून, प्रयोगशाळेतल्या वाढवणुकीतून की यंत्राच्या चुकीतून? या चारही शक्यता पुढच्या उत्तरांत वारंवार भेटतील.

नऊंपैकी सर्वात जास्त वैविध्य कोणात?

सीएमव्हीत. व्हीझेडव्हीचे दोन स्ट्रेन एकमेकांशी ९९.८ टक्क्यांहून अधिक जुळतात आणि एचएसव्ही-१ मधला फरक साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो. सीएमव्हीच्या बहुतांश जीनोममध्येही शांतताच आहे, पण काही जनुके एकदम वेगळ्या जातीची वाटावीत इतकी भिन्न असतात: यूएल७३, यूएल७४, यूएल१३९, यूएल१४६, आरएल१२. एकट्या यूएल१४६ चे १४ जनुकप्रकार मोजले आहेत. प्रत्येक जनुक आपापला प्रकार स्वतंत्रपणे बाळगते, त्यामुळे यूएल७३ चा प्रकार कळला म्हणून यूएल१४६ चा सांगता येत नाही.

२०११ च्या सुमारास असा दावा झाला की एकाच बाळाच्या शरीरातला सीएमव्ही आरएनए विषाणूंइतका विविध असतो. पॉलिमरेज चुका खोडतो हे माहीत असताना हे पचायला जड होते. पुढे २०१९ मध्ये दाखवले गेले की हे बहुतेक वैविध्य एकाच वेळी दोन-तीन स्ट्रेनची लागण झाल्याने येते. नमुन्यात एकच स्ट्रेन असेल तर सीएमव्हीही इतर डीएनए विषाणूंसारखाच शांत दिसतो.

जीनोमच्या नकाशात माझ्या एचएसव्हीचे तुकडे चार प्रकारे जोडलेले दिसतात. नमुना मिसळला का?

नाही, हे नेहमीचेच. जीनोमचा लांब आणि आखूड भाग उलट क्रमाच्या पुनरावृत्तींनी वेढलेला असतो. हे दोन्ही भाग स्वतंत्रपणे उलटतात, म्हणून एकाच शुद्ध स्ट्रेनमध्ये चारही रचना सारख्या प्रमाणात असतात. सीएमव्हीचेही तसेच. व्हीझेडव्हीत मुख्यतः दोन रचना आढळतात.

प्रयोगशाळेतला संदर्भ स्ट्रेन आणि रुग्णातला विषाणू यांत फरक पडतो का?

पडतो, आणि कधीकधी सगळा प्रयोगच बदलतो. सीएमव्हीचा एडी१६९ हा १९५० च्या दशकात एका मुलीच्या ॲडेनॉइडमधून मिळाला. अनेकदा वाढवल्यावर त्याच्या जीनोमचा सुमारे १५,००० अक्षरांचा तुकडा गळून गेला, आणि १९९० मध्ये पहिला पूर्ण सीएमव्ही जीनोम म्हणून नेमका हाच जाहीर झाला. त्यावर मोजलेली जनुके साहजिकच कमी भरली. नंतर मर्लिन हा स्ट्रेन फारसा न वाढवताच वाचला गेला आणि २००४ पासून तोच संदर्भ झाला.

याचे कारण जीवशास्त्रात आहे. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या) पेशींत वाढताना आरएल१३ जनुक अडथळा ठरते, म्हणून ते मोडलेले विषाणू पुढे जातात. त्यापाठोपाठ यूएल१२८, यूएल१३० किंवा यूएल१३१ए मोडते. ही तीन प्रथिने मिळून पाच घटकांचा जो संच बनतो त्याशिवाय सीएमव्ही एपिथेलियल (अवयवांच्या अस्तराच्या) आणि एंडोथेलियल (रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या) पेशींत शिरू शकत नाही. असा वारंवार वाढवलेला स्ट्रेन घेऊन 'सीएमव्ही एपिथेलियल पेशींना लागण करत नाही' असा निष्कर्ष काढला, तर तो आपल्याच फ्लास्कबद्दलचा निष्कर्ष असतो. प्रत्येक वेळी वाढवलेल्या पिढ्यांचा आकडा कुपीवर लिहा आणि तीन-चार पिढ्यांनंतर ही चार जनुके पुन्हा वाचून पाहा.

ईबीव्हीचे प्रकरण याचाच भाऊ. १९८४ मध्ये वाचलेला बी९५-८ हा मार्मोसेट माकडाच्या पेशीरेषेतून आला आणि त्यात सुमारे ११,८०० अक्षरे नाहीत. सूक्ष्म आरएनए बनवणारी बरीच जनुके त्या पोकळीत होती. आजचा ईबीव्हीचा संदर्भ जीनोम ती पोकळी राजी या दुसऱ्या पेशीरेषेतून भरून तयार केला आहे. म्हणजे तो कोणत्याही एका रुग्णाचा विषाणू नाही.

ईबीव्हीचे 'टाइप १' आणि 'टाइप २' म्हणजे काय?

मुख्य फरक ईबीएनए-२ आणि ईबीएनए-३ गटातल्या जनुकांत आहे. दोन टाइपच्या ईबीएनए-२ ची अमिनो आम्ले निम्म्याच्या थोडी वर जुळतात. टाइप १ जगभर आढळतो, टाइप २ जास्त करून सहाराखालच्या आफ्रिकेत आणि पापुआ न्यू गिनीत. बी-पेशींना अमर करण्यात टाइप १ वरचढ आहे, आणि ईबीएनए-२ मधले एकच अमिनो आम्ल बदलले की टाइप २ चीही ताकद बरीच वाढते.

ईबीव्ही बहुतेक प्रौढांत असतो, तरी त्याच्याशी जोडलेले कर्करोग भूगोलाने बांधलेले का, हा जुना प्रश्न. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना हा विषाणू दिसला तोच युगांडातल्या मुलांच्या बर्किट लिम्फोमात, आणि तिथे मलेरियाचा वाटा मोठा आहे. दक्षिण चीनमधल्या नाक-घशाच्या कर्करोगात मात्र विषाणूच्या जनुकांचा वाटाही दिसतो. बीएएलएफ२ जनुकातले काही बदल त्या रुग्णांत खूप जास्त सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

केएसएचव्हीचे उपप्रकार?

के१ या एकाच जनुकावरून ठरतात, कारण बाकीचा जीनोम बराच स्थिर आहे आणि के१ ची अमिनो आम्ले ३० टक्क्यांपर्यंत वेगळी असू शकतात. ए आणि सी युरोप-आशियात, बी आफ्रिकेत, डी पॅसिफिक बेटांवर, ई अमेरिकेतल्या मूलनिवासींत. हा लोकांच्या स्थलांतराचा नकाशा आहे. कोणाचा आजार जास्त गंभीर होईल हे त्यावरून सांगता येत नाही.

कांजिण्यांची लस घेतलेल्या मुलाला पुरळ आले. ते लसीमुळे की बाहेरच्या विषाणूमुळे?

हे जनुकांवरून नेमके सांगता येते. लसीचा ओका स्ट्रेन जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी तयार केला आणि १९७४ मध्ये जाहीर केला. माणसाच्या भ्रूणाच्या फुप्फुसपेशींत ३४ अंशांवर आणि मग गिनीपिगच्या भ्रूणपेशींत वाढवून तो दुबळा केला गेला. मूळ ओका आणि लस यांत सुमारे ४२ जागी फरक आहे आणि त्यातले बरेच ओआरएफ६२ मध्ये आहेत. फोडाच्या खपलीतून किंवा द्रवातून डीएनए काढून ओआरएफ६२ मधल्या ठरावीक जागा वाचल्या की उत्तर मिळते. चूक होते ती एकट्या ओआरएफ३८ वर विसंबल्याने: ती खूण ओकाच्या जपानी कुळाची आहे, त्या भागातल्या बाहेरच्या विषाणूतही ती असू शकते.

लस एकच शुद्ध विषाणू नसून किंचित वेगळ्या विषाणूंचे मिश्रण आहे, म्हणून एखाद्या जागी दोन अक्षरे मिसळलेली दिसली तरी घाबरू नये. बाहेरच्या विषाणूचे क्लेड (वंशशाखा) पाडले आहेत: १ आणि ३ मुख्यतः युरोपीय, २ पूर्व आशियातला, ४ आणि ५ आफ्रिका व भारतीय उपखंडात जास्त.

लसीनंतर दोन आठवड्यांच्या आत अंगभर आलेले पुरळ बहुतेकदा बाहेरच्या विषाणूचे निघते.

रक्तात एचएचव्ही-६ चे लाखो विषाणू आहेत असा रिपोर्ट आला. रुग्ण तर ठणठणीत आहे. हे कसे?

हा वारशाने मिळालेला एचएचव्ही-६ असू शकतो. एचएचव्ही-६ चे टोक आपल्या गुणसूत्राच्या टोकासारखेच टीटीएजीजीजी या पुनरावृत्तीचे असते, त्यामुळे तो गुणसूत्राच्या टोकात शिरून बसू शकतो. बीजपेशीत हे घडले तर पुढची पिढी प्रत्येक पेशीत विषाणूचा पूर्ण जीनोम घेऊन जन्मते, आणि तिच्या प्रत्येक मुलात तो जाण्याची शक्यता ५० टक्के. जगात सुमारे एक टक्का लोकांत हे आढळते.

ओळख हिशेबाने होते. पूर्ण रक्तात मिलिलिटरमागे ५.५ लॉग, म्हणजे सुमारे तीन लाखांहून जास्त प्रती असतील तर संशय घ्यावा. मग डिजिटल पीसीआरने (पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्याची पद्धत) विषाणूच्या आणि माणसाच्या जनुकाच्या प्रती शेजारीशेजारी मोजाव्यात. पेशीमागे जवळजवळ नेमकी एक प्रत आली तर वारसा पक्का. केसांच्या मुळाचा किंवा नखाचा नमुनाही पॉझिटिव्ह येतो. गल्लत इथे होते: मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, त्यांच्याबरोबर हा डीएनए येतो आणि 'एचएचव्ही-६ मेंदूज्वर' असे निदान होऊन मूत्रपिंडाला किंवा रक्तपेशींना त्रास देणारे औषध विनाकारण सुरू होते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात दाता असा असेल तर नव्या पेशी रुजताच आकडा वर जातो. दात्याची तपासणी आधी केली तर हा गोंधळ टळतो.

औषधाला दाद न देणारा विषाणू कसा तयार होतो?

एचएसव्हीत ॲसायक्लोव्हिरला 'चालू' करणारा थायमिडीन कायनेज विषाणूचाच असतो (यूएल२३). सुमारे ९५ टक्के प्रतिरोध त्याच्यात, उरलेला पॉलिमरेजमध्ये (यूएल३०). यूएल२३ मध्ये सलग सात 'जी' आणि सलग सहा 'सी' असे दोन पट्टे आहेत. प्रत काढताना तिथे एक अक्षर जास्त किंवा कमी पडते आणि पुढचे प्रथिन बिघडते. यंत्रही नेमके इथेच चुकते, म्हणून असा बदल दिसला की दुसऱ्या पद्धतीने खात्री करा. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांत प्रतिरोध एक टक्क्याहून कमी. कमकुवत असलेल्यांत तो सुमारे पाच टक्के आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणात त्याहून जास्त.

सीएमव्हीकडे थायमिडीन कायनेज नाही. सीएमव्हीवरच्या गॅन्सिक्लोव्हिर या औषधाला चालू करतो यूएल९७. त्याच्या ४६०, ५२०, ५९२, ५९४, ५९५ आणि ६०३ या जागांवर बहुतेक प्रतिरोध सापडतो. उदाहरणार्थ ५९४ व्या जागी ॲलानिनऐवजी व्हॅलिन. यूएल५४ (सीएमव्हीचा पॉलिमरेज) मधले बदल सहसा नंतर येतात आणि सिडोफोव्हिरलाही निकामी करू शकतात. लेटरमोव्हिरचा प्रतिरोध मुख्यतः यूएल५६ मध्ये, मॅरिबाव्हिरचा यूएल९७ च्या दुसऱ्या जागांवर.

सीएमव्हीच्या प्रतिरोधाची तपासणी कधी पाठवायची? पूर्ण मात्रेत दोन आठवडे औषध देऊनही विषाणू घटत नसेल आणि एकूण औषधाचे दिवस सहा आठवड्यांच्या आसपास गेले असतील तेव्हा. पहिल्या दोन आठवड्यांत आकडा थोडा वाढला म्हणून घाई करू नये. मिलिलिटरमागे १,००० आंतरराष्ट्रीय युनिटपेक्षा कमी विषाणू असेल तर जनुक सहसा वाचता येत नाही, आणि निकाल आला तरी विश्वास ठेवू नये. जनुक वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीला २० टक्क्यांहून कमी असलेला बदल दिसत नाही; नवी पद्धत ५ टक्क्यांपर्यंत पाहते.

नमुना कसा घ्यावा?

ताजा, न फुटलेला फोड निवडा. वरची साल निर्जंतुक सुईने उघडून तळ कापूस-बोळ्याने जरा जोर देऊन घासा; विषाणू तळाच्या पेशींत असतो, नुसता द्रव टिपल्याने निगेटिव्ह निकाल येऊ शकतो. पॉलिस्टर किंवा नायलॉनची स्वॅब वापरा. लाकडी दांड्याची किंवा कॅल्शियम अल्जिनेटची स्वॅब पीसीआर बिघडवते. नमुना २ ते ८ अंशांत ठेवून ४८ तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर उणे ७० अंश. रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या, हेपरिनच्या नाही, कारण हेपरिन पीसीआर अडवते.

एचएसव्ही मेंदूज्वराचा संशय असेल तर निकालाची वाट पाहू नये. शिरेतून ॲसायक्लोव्हिर १० मिलिग्रॅम प्रति किलो दर आठ तासांनी लगेच सुरू होते, भरपूर द्रवासह, नाहीतर मूत्रपिंडात स्फटिक जमतात. पहिल्या ७२ तासांत पाठीच्या पाण्याची पीसीआर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. संशय कायम असेल तर तीन ते सात दिवसांनी पुन्हा.

नवजात बाळाला सीएमव्ही जन्मजात आहे का, हे ठरवायला लाळ किंवा लघवी पहिल्या २१ दिवसांत हवी. त्यानंतर पॉझिटिव्ह आले तर बाळाला तो आईच्या दुधातून मिळाला की पोटातच, हे सांगता येत नाही. लाळ दूध पाजल्यानंतर तासाभराने घ्या आणि पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करा.

दोन प्रयोगशाळांचे सीएमव्हीचे आकडे जुळत नाहीत. कोणाचे खरे?

कदाचित दोघांचेही. आधी एकक पाहा: एकाने 'कॉपीज' दिले असतील, दुसऱ्याने 'आंतरराष्ट्रीय युनिट'. जागतिक आरोग्य संघटनेचे सीएमव्हीसाठीचे प्रमाण २०१० मध्ये आले. मग नमुना पाहा. पूर्ण रक्तातला आकडा प्लाझ्मापेक्षा सहसा जास्त येतो. एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तीन पटीहून (०.५ लॉग) कमी फरक पडला तर तो बदल मानू नये. रुग्णाचा पाठपुरावा एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या नळीत करणे यापेक्षा चांगला उपाय नाही.

वारंवार गर्भपात झाला म्हणून 'टॉर्च' (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस यांच्या प्रतिपिंडांची एकत्र तपासणी) करायला सांगितली. सीएमव्ही आणि हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह आले. काय करू?

बहुधा काहीच नाही. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी लागण झाली होती. भारतातल्या प्रौढांत सीएमव्हीची आयजीजी ९० टक्क्यांच्या आसपास पॉझिटिव्ह असते, मग ती गर्भपाताचे कारण कशी ठरेल? वारंवार गर्भपातासाठी टॉर्च हे पॅनेल उपयोगी नाही, तरी आपल्याकडे ते सर्रास लिहिले जाते आणि त्यावर ॲसायक्लोव्हिरचे कोर्सही दिले जातात. हर्पिसच्या आयजीएमचा (ताज्या लागणीची खूण समजल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचा) तर उपयोगच नाही. जुना विषाणू जागा झाला तरी ती पॉझिटिव्ह येते आणि प्रकार सांगत नाही. सीएमव्हीची आयजीएम महिनोन्महिने रेंगाळू शकते. ती पॉझिटिव्ह आली तर आयजीजी ॲव्हिडिटी (प्रतिपिंडे किती घट्ट चिकटतात याची चाचणी) करा: पहिल्या तिमाहीत ॲव्हिडिटी जास्त असेल तर लागण गर्भधारणेपूर्वीची.

पूर्ण जीनोम वाचायचा आहे. कुठे अडते?

पहिली अडचण प्रमाणाची. रुग्णाच्या नमुन्यात विषाणूचा डीएनए माणसाच्या डीएनएच्या समुद्रात हरवलेला असतो, म्हणून आधी क्यूपीसीआरने (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने) दोन्ही मोजा. मग विषाणूला पूरक, सुमारे १२० अक्षरांच्या आरएनए गळांनी त्याचे तुकडे पकडून चुंबकाने ओढून घ्या. गळ एकाच स्ट्रेनवर बेतले तर सीएमव्हीच्या यूएल१४६ सारख्या जागा रिकाम्या येतात आणि त्या 'जनुक गहाळ' म्हणून लिहिल्या जातात. गळ अनेक स्ट्रेनवरून तयार करा.

दुसरी अडचण रसायनाची. एचएसव्ही-१ मध्ये जी आणि सी मिळून सुमारे ६८ टक्के, एचएसव्ही-२ मध्ये ७० टक्के. असा डीएनए पीसीआरमध्ये सहज उकलत नाही. बीटेन किंवा डीएमएसओ घालून आणि फेऱ्या कमी ठेवून काम होते. व्हीझेडव्ही ४६ टक्क्यांवर असल्याने तुलनेने सरळ. तिसरी अडचण पुनरावृत्तींची: १५० अक्षरांचे छोटे वाचन त्या पार करू शकत नाही, तिथे लांब वाचन करणारी पद्धत हवी.

संगणकावर आधी पीसीआरच्या हुबेहूब प्रती काढून टाका, नाहीतर एकच चूक शंभर वेळा मोजली जाऊन 'अल्पसंख्य स्ट्रेन' बनते. अतिभिन्न जनुकांत एकाहून जास्त प्रकार दिसतात का ते तपासा. दिसले तर ती मिश्र लागण आहे आणि सरासरी काढून बनवलेला जीनोम कोणत्याही खऱ्या विषाणूचा नसतो. रिकामा नियंत्रण नमुना प्रत्येक फेरीत शेवटपर्यंत न्या.

माकड चावले तर हर्पिस होतो का?

मकाक गटातल्या लाल तोंडाच्या माकडांत 'बी विषाणू' असतो आणि माणसात तो फार क्वचित, पण जीवघेणा मेंदूदाह करतो. काळ्या तोंडाचे वानर त्याचे नैसर्गिक यजमान नाहीत. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने लगेच १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. बी विषाणूबद्दल तिथेच विचारा.

लसी कोणाकोणावर आहेत?

फक्त व्हीझेडव्हीवर. कांजिण्यांसाठी जिवंत ओका लस, नागिणीसाठी ग्लायकोप्रथिन-ई ची लस. ही दुसरी २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीनंतर, दंडात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेळा. नागीण होऊन गेली असेल तरी घेता येते. आजार पूर्ण ओसरल्यावर.